कारखान्यातले तेल आणि कढईतले तेल

दिवाळीच्या आठ दिवस आधी घरोघरी वाण्याची यादी होते. रवा, बेसन, पोहे, पिठीसाखर यांच्याबरोबर त्या यादीत तेलाचा डबा असायचाच. चकल्या काय, शेव काय, करंज्या काय, निम्मा फराळ शेवटी कढईतूनच निघायचा! हे तेल आपल्या गृहिणी पारखतात तरी कसे? झाकण उघडून वास घेतात, बोटाला लावून चव पाहतात, वाटीत ओतून उजेडाला धरतात. खवट नाही, कडवट नाही, तळाशी गाळ नाही, एवढे पटले की डबा घरात आला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही परीक्षा वाईट नाही. शिळे तेल तिच्यातून सुटत नाही.

पण जगात एक तेलकट द्रव असा आहे की त्याच्यापुढे नाक, जीभ आणि डोळे तिन्ही हात टेकतात. त्याला म्हणण्यासारखा वास नाही आणि चव नाही. दिसायला तो नितळ किंवा किंचित पिवळसर असतो. खाद्यतेलात तो असा बेमालूम मिसळतो की दोन थर दिसत नाहीत. त्या द्रवाने गेल्या शतकात अमेरिकेपासून मोरोक्कोपर्यंत आणि मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत हजारो धडधाकट माणसांचे पाय लुळे केले. गंमत अशी, की मुळात हा द्रव दुष्ट हेतूने बनवलेलाच नाही. कारखान्यात तो फार गुणी आणि उपयोगी समजला जातो. त्याचे नाव आहे ट्रायक्रेसिल फॉस्फेट.

प्लॅस्टिकला मऊपणा कोण देते?

नाव अवघड आहे, पण काम समजायला सोपे आहे. प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिक मूळ स्थितीत कडक असते. नळाचे पाइप त्याचेच. पण त्याच पीव्हीसीचे टेबलावरचे मऊ आच्छादन होते आणि विजेच्या तारेवरचे लवचीक वेष्टनही होते. हा मऊपणा येतो कुठून? कणीक मळताना तेलाचे मोहन घातले की ती जशी खुसखुशीत आणि सैल होते, काहीसे तसेच इथे घडते. साखळ्यांच्या मध्ये एखाद्या तेलकट द्रवाचे रेणू शिरतात, साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसत नाहीत, आणि वस्तू हवी तशी वाकते. अशा द्रवाला इंग्रजीत ‘प्लॅस्टिसायझर’ म्हणतात. आपण त्याला मृदुकारक म्हणू.

असे मृदुकारक पुष्कळ आहेत. पण त्यांतले बहुतेक स्वतः पेटणारे असतात. ट्रायक्रेसिल फॉस्फेटची मातब्बरी ही की ते वस्तूला मऊही करते आणि आगीला अडवतेही. त्याच्या पोटात फॉस्फरस आहे. वस्तू तापली की हा फॉस्फरस तिच्या पृष्ठभागावर कोळशासारखा थर धरायला मदत करतो, आणि त्या थराखालच्या भागाला ज्योत सहज पोचत नाही. म्हणून तारांच्या वेष्टनात, रंगरोगणात आणि कृत्रिम चामड्यात त्याचा उपयोग झाला. विमानाच्या जेट इंजिनातील वंगणातही ते थोड्या प्रमाणात घालतात. धातूवर धातू घासून झीज होऊ नये म्हणून.

ते बनते क्रेसॉलपासून. डांबराच्या वासाची जी जंतुनाशके आपण जुन्या दवाखान्यांत हुंगली आहेत, त्यांतला हा पदार्थ. क्रेसॉलची तीन भावंडे आहेत: ऑर्थो, मेटा आणि पॅरा. तिघांतले अणू तेच, संख्याही तीच. फरक फक्त कोणता अणुगट कुठे बसला एवढाच. पण या बैठकीच्या फरकाने केवढा अनर्थ होतो! मेटा आणि पॅरा यांपासून बनलेले फॉस्फेट मज्जातंतूंच्या बाबतीत बरेचसे निरुपद्रवी असते. ऑर्थोचा अंश मात्र माणसाला पंगू करतो.

अमेरिकेतले लंगडे

या विषाची पहिली मोठी कहाणी घडली १९३० साली, अमेरिकेत. तेव्हा तिथे दारूबंदी होती. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे ती चालली. दारू बंद, पण औषधे चालू. ‘जमैका जिंजर’ नावाचा सुंठीचा अर्क पोटदुखीवर औषध म्हणून विकला जाई आणि त्यात भरपूर मद्यार्क असे. गोरगरीब लोक तो सोड्यात घालून पीत. त्याचे लाडके नाव पडले ‘जेक’.

सरकारही खुळे नव्हते. अर्कात सुंठीचा अंश इतका असला पाहिजे की तो कडवटपणामुळे कोणाला घशाखाली उतरू नये, असा नियम होता. तपासनीस काय करत? थोडा अर्क तापवून आटवत आणि मागे राहिलेला अवशेष तोलत. अवशेष पुरेसा भरला की माल पास! यातून पळवाट काढायची तर सुंठीऐवजी असा काही पदार्थ घालायला हवा होता की जो तापवल्यावर उडून जाणार नाही, मद्यार्कात विरघळेल, आणि ज्याला चव असणार नाही. बॉस्टनच्या हॅरी ग्रॉस आणि मॅक्स रीझमन या दोघांना तो सापडला. रोगणाच्या धंद्यात वापरले जाणारे ट्रायक्रेसिल फॉस्फेट त्यांनी अर्कात घातले. परीक्षेत अर्क उत्तम उतरला.

१९३० च्या फेब्रुवारीअखेर ओक्लाहोमा सिटीतील डॉ. एफ्राइम गोल्डफेन यांच्याकडे एक विचित्र रोगी आला. ताप नाही, मार नाही, पण पावले लुळी पडलेली. चालताना पाऊल वर उचलता येत नव्हते. आधी बोटे जमिनीला लागत आणि मग टाच आपटे. पाठोपाठ असेच आणखी रोगी आले, मग शेजारच्या राज्यांतून बातम्या आल्या. बळींची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या घरात गेली असा अंदाज आहे. ही चाल इतकी सर्वत्र दिसू लागली की दक्षिणेकडील ब्लूज गायकांनी तिच्यावर गाणी रचली.

गुन्हेगारांना शिक्षा काय झाली? दंड आणि दोन वर्षांची स्थगित कैद. पुढे अटी मोडल्या म्हणून ग्रॉसला तुरुंग पाहावा लागला. ज्यांचे पाय गेले त्यांच्या पदरात मात्र काही पडले नाही.

कोंबडीने साक्ष दिली

हे विष ओळखले कसे गेले, तीही हकीगत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील डॉ. मॉरिस स्मिथ यांनी संशयित अर्क प्राण्यांना देऊन पाहिला. कुत्र्यांना आणि माकडांना तोंडावाटे देऊन पक्षाघात होईना. इथेच कोणी थांबला असता तर ‘अर्क निर्दोष आहे’ असा दाखला देऊन मोकळा झाला असता! स्मिथ थांबले नाहीत. वासरांचे आणि कोंबड्यांचे पाय मात्र माणसासारखेच लुळे पडले. मग रसायनतज्ज्ञ एलियास एल्व्होव्ह यांच्या मदतीने अर्कातला अपराधी घटक वेगळा काढला गेला: ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट.

या घटनेचा वारसा आजही चालू आहे. या जातीच्या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांमुळे उशिरा पक्षाघात होतो का, हे तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत कोंबडीवरच आधारलेली आहे.

आणि मन अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की हे ज्ञान अगदी नवे नव्हते. १८९९ सालीच फ्रान्समध्ये क्षयाच्या रोग्यांना याच जातीचे एक औषध दिल्यावर त्यांतल्या काहींचे मज्जातंतू बिघडल्याची नोंद झाली होती. म्हणजे इशारा वैद्यकाच्या ग्रंथात छापलेला होता, पण रोगणाच्या गोदामापर्यंत तो पोचलाच नव्हता. ज्ञान एका खोलीत आणि ड्रम दुसऱ्या खोलीत, असा हा प्रकार.

मेकनेसचे काळे तेल

यानंतर तीस वर्षांनी, १९५९ च्या शरदात मोरोक्कोतील मेकनेस शहरात एकाएकी लोकांचे पाय लुळे पडू लागले. प्रथम वाटले, पोलिओची साथ असेल. पण पोलिओत ताप येतो. इथे ताप नव्हता. पोलिओ मुलांना गाठतो. इथे घरातली कर्ती माणसे आडवी झाली होती. शिवाय शहराच्या युरोपीय वस्तीत हा रोग जवळजवळ नव्हताच. साथीचा जंतू असा वस्ती पाहून जात नाही. मग ही वस्ती पाहणारी वस्तू कोणती? शोध घेता घेता बोट स्वस्त खाद्यतेलाच्या बाटलीवर येऊन थांबले.

अमेरिकन हवाई तळावरचे शिल्लक राहिलेले जेट इंजिनाचे वंगण मोडीत विकले गेले होते. काही व्यापाऱ्यांनी ते घेऊन खाण्याच्या तेलात मिसळले. सुमारे दहा हजार माणसे पंगू झाली. राजे पाचवे महंमद यांनी अशा गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा ठरवली. काही जणांना ती सुनावण्यात आली, पण अंमलात आली नाही. दुसरीकडे रेड क्रॉसच्या झेंड्याखाली अनेक देशांतून डॉक्टर आणि व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ मेकनेसला आले, आणि महिनोन्‌महिने त्यांनी लोकांना पुन्हा उभे राहायला, पुन्हा चालायला शिकवले. पुष्कळांना त्याचा गुणही आला. या साऱ्या काळोखातली ती एक पणती म्हटली पाहिजे.

आपल्या दारापर्यंत

‘हे सगळे परदेशात!’ असे म्हणून कोणी सुस्कारा टाकील तर तो घाईचा ठरेल. १९६२ साली डॉ. दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध विलायतेतील मज्जातंतुविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेटमुळे मुंबईत झालेली विषबाधा. मेकनेसचे तेल निवते न निवते तोच ते आपल्या मुंबईत उगवले होते.

१९७७-७८ मध्ये श्रीलंकेत वीसेक तमिळ मुलींना हाच पक्षाघात झाला. सगळ्या नुकत्याच वयात आलेल्या. मुलींनाच का? तिकडे मुलगी न्हाती झाली की तिला तिळाचे तेल पाजण्याची चाल आहे. आई-आजीने मायेने दिलेल्या त्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट निघाले. इथे कोणी मुद्दाम भेसळ केली होती असेही दिसत नाही. ज्या भांड्यांतून तेल वाहून आणले त्यांत आधी खनिज तेल भरलेले असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. दक्षिण आफ्रिकेत दरबानला १९३७ मध्ये साठेक माणसे लुळी पडली, तीही ड्रममधून आलेल्या खाद्यतेलामुळेच.

आणि १९८८ च्या जुलैत कलकत्त्याच्या बेहाला भागात पुन्हा तेच घडले. मोहरीच्या जातीचे तेल, बेताच्या परिस्थितीतली कुटुंबे, आणि एकाच वस्तीत शेकडो रोगी. बेहाला काही आडरानात नाही. तिथे शाळा होत्या, वर्तमानपत्रे होती, इस्पितळे होती. १९३० ची माहिती तोवर अठ्ठावन्न वर्षे जुनी झाली होती!

शरीरात काय होते?

हे विष लबाड आहे. पोटात गेल्यावर कधी थोडी मळमळ होते, जुलाब होतात. कधी तेही होत नाही. मग आठ-दहा दिवस, कधी तीन आठवडे सगळे सुरळीत चालते. त्यानंतर पोटऱ्यांत कळा येतात, तळपायांना मुंग्या येतात, आणि पावले उचलेनाशी होतात. काहींचे हातही दुबळे होतात. एवढ्या दिवसांपूर्वी काय खाल्ले होते, हे कोणाला आठवणार? डबा संपलेला, धुतलेला, कदाचित मोडीतही गेलेला असतो.

असा उशीर का लागतो? यकृत ऑर्थो फॉस्फेटचे रूपांतर अधिक जहाल पदार्थात करते. तो पदार्थ मज्जातंतूंतील एका महत्त्वाच्या विकराला कायमचा जखडून टाकतो. त्यामुळे तंतूचे पोषण बिघडते आणि तो टोकाकडून मागे मागे मरत येतो. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून पहिला घाला पायांवर. यावर उतारा नाही. व्यायामोपचार आणि काळ हेच औषध. तंतूचे टोक हळूहळू पुन्हा वाढू शकते, पण इजा मज्जारज्जूपर्यंत गेली असेल तर पायांचा ताठरपणा जन्मभर राहतो. आणि हे सारे घडायला चमचाभरही ऑर्थो फॉस्फेट लागत नाही.

कारखान्यात कसे सांभाळतात?

आता दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. हे रसायन अजून बनते आणि वापरले जाते. मात्र आजच्या चांगल्या प्रतीच्या मालात ऑर्थोचा अंश अगदी नगण्य ठेवतात, कारण कच्च्या क्रेसॉलमधूनच तो वेगळा काढला जातो. पुष्कळ कामांसाठी दुसरे मृदुकारकही आले आहेत.

तरी शिस्त सुटत नाही. हा द्रव कातडीतूनही आत शिरतो, म्हणून तेल न झिरपणारे हातमोजे घालायचे, आणि कपड्यावर सांडले तर कपडा लगेच उतरवून अंग साबणाने धुवायचे. तापवताना वाफ वा तुषार उडतात, म्हणून ते ओढून नेणारा पंखा हवा. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमात ऑर्थो प्रकाराची मर्यादा एका घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम इतकी कमी आहे. जमिनीवर सांडले तर पाण्याने गटारात लोटायचे नाही, वाळूने टिपून वेगळे ठेवायचे. कामाच्या जागी चहा, विडी, डबा काही नाही. आगीला अडवणारे म्हणून ते जळतच नाही असेही समजू नये. मोठ्या आगीत सापडले की त्यातून विषारी धूर निघतो. आणि सर्वांत मोठा नियम: ड्रमवर नाव हवे, आणि रिकामा ड्रम खाण्यापिण्याच्या कामाला कधीही जाता कामा नये.

हा शेवटचा नियमच खरा कळीचा. वर सांगितलेल्या कहाण्यांत कारखान्याच्या भिंतीआड घडलेली एकही नाही. तिथे लोकांना निदान ठाऊक असते की आपण कशाला हात लावतो आहोत. अनर्थ झाला तो ड्रम दाराबाहेर पडल्यावर, त्याच्यावरचे नाव पुसले गेल्यावर, आणि ‘डबा चांगला आहे, टाकायचा कशाला?’ असे कोणीतरी म्हटल्यावर.

घरात काय करावे?

आपण काटकसरी माणसे. रिकामी बाटली, रिकामा डबा आपल्याकडून फेकवत नाही. ही सवय चांगलीच आहे, पण तिला चार कुंपणे घालावीत.

पहिले, खाण्याचे तेल सीलबंद आणि नावनिशाणी असलेलेच घ्यावे. २०११ च्या नियमांनुसार सुटे खाद्यतेल विकायला मनाई आहे; सूट द्यायची तर ती राज्य सरकारने. टिनचा डबा एकदा वापरला की खाद्यतेल भरून विकण्यासाठी तो पुन्हा वापरू नये, असाही नियम आहे. पोचे आलेला, जुने लेबल खरवडलेला डबा दुकानात दिसला तर तो स्वस्त असला तरी नको. पाच-दहा रुपयांची बचत पायांपेक्षा मोठी नाही.

दुसरे, दिव्याचे तेल स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. दिवाळीत ‘दिव्यांसाठी’ म्हणून तेलाच्या बाटल्या मिळतात. त्यांवर खाण्यासाठी नाही असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि बाटली मात्र हुबेहूब खाद्यतेलासारखी. पणत्या लावून झाल्यावर उरलेले तेल ‘वाया कशाला’ म्हणून फोडणीच्या बुधलीत ओतू नये. शिवणयंत्राच्या आणि सायकलच्या तेलाचेही तेच. ते औषधाच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नये.

तिसरे, रसायनाचा निळा ड्रम कितीही स्वच्छ धुतला तरी पिण्याच्या पाण्याला किंवा धान्याला वापरू नये. पाण्यात न विरघळणारा तेलकट अंश नुसत्या पाण्याने जाणार तरी कसा? लोणचे, तेल, तूप यांना काचेची बरणी किंवा स्टीलचा डबाच बरा. प्लॅस्टिक घ्यायचेच तर खाद्यपदार्थांसाठी बनवलेले घ्यावे, कारण मृदुकारक स्निग्ध पदार्थात उतरतात.

चौथे, घरात किंवा आळीत एकाच सुमारास दोघा-तिघांचे पाय जड पडले, मुंग्या आल्या, तर ‘थकवा असेल’ म्हणून बसू नये. डॉक्टरांना गाठावे, गेल्या महिन्याभरात कोणते तेल कुठून आणले ते सांगावे, आणि उरलेले तेल डब्यासकट जपून ठेवावे. अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत हे विष ओळखता येते. नाकाला जे कळत नाही ते तिथे कळते, पण त्यासाठी नमुना शिल्लक हवा.

वाचकांनी हे वाचून दर चकलीकडे संशयाने पाहावे, असा हेतू मुळीच नाही. चांगल्या दुकानातले सीलबंद तेल आणून बिनघोर फराळ करावा. पण कारखान्याचे तेल आणि कढईतले तेल यांच्यामध्ये पत्र्याची एक पातळ भिंत आणि कागदाचे एक लेबल एवढेच अंतर असते, हे ध्यानात असू द्यावे. ती भिंत कारखान्याने जपली पाहिजे, व्यापाऱ्याने जपली पाहिजे, सरकारने जपली पाहिजे. आणि आपल्या घरापुरती ती जपणे तर आपल्याच हातात आहे. यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरचे डबे काढाल, तेव्हा ज्याच्यावर नाव नाही असा प्रत्येक डबा बाजूला काढा. घराला रंग लावण्याइतकेच तेही महत्त्वाचे काम आहे.